हातोडा पडण्याआधी : जुन्या मोटारींच्या लिलावाविषयी वाचकांचे प्रश्न

जुन्या, संग्रही ठेवण्याजोग्या मोटारींच्या लिलावांविषयी वाचकांची बरीच पत्रे साचली होती. काही घेणाऱ्यांची, काही विकणाऱ्यांची, आणि दोन-तीन तर नुकसान होऊन गेल्यावर लिहिलेली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांपैकी सहांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : अनेक वर्षे मनात असलेली एक मोटार मला एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये दिसली आहे. तिची अंदाजित किंमत माझ्या शिलकीपेक्षा थोडी कमी आहे. शिलकीच्या आकड्यापर्यंत बोली लावायला हरकत आहे का? आणि गाडी मनासारखी निघाली नाही, तर ती परत करता येते का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे : नाही. लिलावातील मोटार ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ या अटीवर विकली जाते. हातोडा पडला की करार पूर्ण झाला, आणि बहुतेक लिलावगृहांच्या नियमांप्रमाणे गाडीची जोखीमही त्याच क्षणी किंवा त्यानंतर लगेच खरेदीदाराकडे जाते. रात्री मांडवाला आग लागली किंवा ट्रेलरवर चढवताना मडगार्ड चेपले, तर ते नुकसान तुमचे ठरू शकते. म्हणून विम्याची बोलणी लिलावाच्या आदल्या दिवशीच करून ठेवावीत, पैसे भरल्यावर नव्हे.

आता पैशांविषयी. शिलकीचा आकडा आणि बोलीचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलीच्या रकमेवर लिलावगृह खरेदीदाराकडून स्वतःचा अधिभार घेते. तो सामान्यतः बोलीच्या १० ते १५ टक्क्यांच्या घरात असतो, काही ठिकाणी याहून अधिकही असतो, आणि अनेक देशांत या अधिभारावर पुन्हा कर लागतो. अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन याने पडद्यावर चालवलेली १९६८ ची हिरवी फोर्ड मस्टँग जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात विकली गेली, तेव्हा हातोडा ३४ लाख डॉलरवर पडला. खरेदीदाराला मात्र ३७ लाख ४० हजार डॉलर मोजावे लागले. वर्तमानपत्रांतील लिलावाच्या बातम्यांत कधी पहिला आकडा छापतात, कधी दुसरा. एका गाडीचा अधिभारासह आलेला आकडा आणि दुसरीचा अधिभाराविना आलेला आकडा शेजारी ठेवून बाजारभाव काढणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा हिशेब मुळातच चुकलेला असतो.

हिशेब नेहमी उलटा मांडावा. तुमच्याजवळ एकूण १०० आहेत असे धरा. वाहतूक, विमा आणि नोंदणी यांसाठी ४ बाजूला काढा. गाडी रस्त्यावर येण्यासाठी पहिल्या वर्षात जे काम निघेल, त्यासाठी १५ ठेवा. इतका खर्च येणार नाही असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उरले ८१. अधिभार १२ टक्के आणि त्यावर २० टक्के कर असेल, तर बोलीच्या प्रत्येक १०० मागे तुम्ही ११४.४० भरणार आहात. म्हणजे तुमची शेवटची बोली ७१ च्या आतच थांबली पाहिजे. हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा. पैसे भरण्याची मुदतही वाचून घ्या, कारण ती काही दिवसांचीच असते आणि त्यानंतर गाडी ठेवून घेण्याचे भाडे दिवसागणिक सुरू होते.

प्रश्न : कॅटलॉगमध्ये ‘मॅचिंग नंबर्स’ असे लिहिले आहे आणि सोबत उत्पादक कंपनीच्या वारसा विभागाचा दाखलाही जोडला आहे. एवढे पुरेसे समजावे का?

उत्तर : पुरेसे समजू नये. आलेल्या सर्व पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

‘मॅचिंग नंबर्स’ या शब्दांना सर्वांना मान्य असलेली व्याख्या नाही. एका विक्रेत्याच्या लेखी त्याचा अर्थ असा की, कारखान्यातून निघताना या चेसिसवर जे इंजिन होते, तेच आजही आहे. दुसऱ्याच्या लेखी त्याच जातीचे आणि त्याच काळातले इंजिन बसवलेले असले की नंबर जुळले. तेव्हा कोणते क्रमांक कोणत्या कागदाशी जुळतात, हे लेखी विचारावे : चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल आणि जेथे बॉडीला वेगळा क्रमांक असतो तेथे बॉडी. उत्तरात एखादा भाग गाळलेला दिसला, तर तो भाग मूळचा नाही असे धरून चालावे.

कंपनीचा दाखला हा जन्माचा दाखला असतो, ओळखपत्र नव्हे. अमुक चेसिस अमुक तारखेला, अमुक रंगात, अमुक इंजिनासह कारखान्याबाहेर पडली, एवढे तो जुन्या नोंदवहीवरून सांगतो. समोर उभी असलेली गाडी तीच आहे, असे तो म्हणत नाही, कारण दाखला लिहिणाऱ्याने बहुधा गाडी पाहिलेलीच नसते. फेरारीच्या क्लासिके विभागासारखे काही अपवाद आहेत, जेथे प्रत्यक्ष गाडी तपासून प्रमाणपत्र दिले जाते. पण तेथेही प्रमाणपत्र कोणत्या वर्षीचे आहे ते पाहावे, कारण त्यानंतर गाडीत काय बदलले, हे त्या कागदाला ठाऊक नसते.

क्रमांकाची तपासणी कशी करतात, हे एका गाडीवरून सांगतो. साठच्या दशकातील शेव्हरोले कॉर्व्हेटच्या व्ही-८ इंजिनावर उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे एक लहानशी सपाट जागा असते आणि क्रमांकाचे पंचिंग त्या जागेवर असते. कारखान्यात ब्लॉकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव ठोकळ्याचा, माथा ब्रोचिंग यंत्रावर तासला जात असे, त्यामुळे त्या जागेवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा उमटत. क्रमांक बदलायचा तर आधी जुना घासून काढावा लागतो, आणि घासला की त्या रेघाही जातात. रेघा नाहीत म्हणजे लबाडीच झाली, असे मात्र नाही. इंजिन ओव्हरहॉल करताना माथा पुन्हा तासला गेला असेल, तरी त्या जातात. म्हणून दुसरा पुरावा पाहावा लागतो, तो म्हणजे ओतकामाची तारीख. ब्लॉकवर ती उठावाच्या अक्षरांत असते : ‘ए १२ ७’ म्हणजे जानेवारीची १२ तारीख आणि ७ ने संपणारे वर्ष, फेब्रुवारीसाठी बी, मार्चसाठी सी, याप्रमाणे. गाडी बाहेर पडल्यानंतर ओतलेला ब्लॉक त्या गाडीचा मूळ ब्लॉक असूच शकत नाही. मी स्वतः अशी एक गाडी पाहिली आहे, जिच्या इंजिनावरचा क्रमांक दाखल्याशी अंकान् अंक जुळत होता, पण ब्लॉक गाडीच्या निर्मितीनंतर दोन महिन्यांनी ओतलेला होता. हाताएवढा आरसा आणि टॉर्च घेऊन फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याच्या) बाजूला वाकून पाहिल्याशिवाय ते कळले नसते, आणि त्या दिवशी तिथे वाकून पाहणारे फार थोडे होते.

आज जो १७ अक्षर-अंकांचा वाहन क्रमांक सर्वत्र दिसतो, तो अमेरिकेत १९८१ पासून सक्तीचा झाला. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी होती, काही कंपन्यांची तर दर दोन-चार वर्षांनी बदलत असे. त्यामुळे सर्व जुन्या गाड्यांना लागू पडेल असा एकच तपासनीस नसतो. त्या विशिष्ट मॉडेलची नोंद ठेवणारे क्लब आणि अभ्यासक असतात. लिलावाच्या आधी त्यांना चेसिस क्रमांक कळवून, ‘या क्रमांकाची गाडी तुमच्या माहितीत कुठे आहे?’ असे विचारावे. एकाच क्रमांकावर दोन गाड्या हक्क सांगत असल्याचे अनेकदा अशाच पत्रव्यवहारातून उघड होते. शर्यतीच्या गाड्यांत असे होणे स्वाभाविकही आहे : अपघातात चेसिस वाकते, क्रमांकाची पट्टी नव्या चेसिसवर चढते, टाकून दिलेली चेसिस भंगारातून कोणी उचलतो, आणि चाळीस वर्षांनी तिच्यावरही एक पूर्ण मोटार उभी राहते.

अशा प्रश्नांचा निकाल किती नाजूक असतो, हे १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात गेलेल्या एका बेंटलीच्या खटल्यावरून दिसते. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाची ही स्पीड सिक्स मोटार १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेली होती. तिचा व्यवहार लिलावात झाला नव्हता, खासगीत ठरला होता, आणि किंमत होती १ कोटी पौंड. गाडीत १९२९ चे फारच थोडे भाग उरले आहेत, म्हणून ती ‘ती’ गाडी नव्हे, असे म्हणून खरेदीदाराने माघार घेतली. भाग बदलत गेले असले, तरी गाडीचा इतिहास कोठेही तुटलेला नाही, त्यामुळे तिला त्या नावाने ओळखणे योग्यच आहे, असा निकाल न्यायालयाने दिला आणि खरेदीदार हरला. मला हा निकाल बरोबर वाटतो. पण त्यातून घेण्याजोगा धडा खरेदीदाराच्या बाजूचा आहे : ‘अस्सल’, ‘मूळ’ आणि ‘सलग इतिहास असलेली’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, आणि आपण कोणत्या शब्दासाठी पैसे देत आहोत, हे सही करण्याआधी ठरवायचे असते. लिलावगृहांनाही याची जाणीव असते. २००७ मध्ये पॅरिसमध्ये विक्रीला ठेवलेली ऑटो युनियनची १९३९ ची शर्यतीची मोटार तिच्या पूर्वेतिहासाविषयी शंका उपस्थित झाल्यावर ऐनवेळी मागे घेण्यात आली होती.

कॅटलॉगची भाषा वाचतानाही हीच सावधगिरी हवी. ‘असे समजते’, ‘मागील मालकाच्या सांगण्यानुसार’, ‘असे मानले जाते’ ही वाक्ये तेथे शोभेसाठी आलेली नसतात. त्यांचा अर्थ असा की, लिलावगृहाने ही गोष्ट तपासलेली नाही आणि तिची जबाबदारीही घेतलेली नाही. छापील कॅटलॉगनंतर निघणारी दुरुस्तीपत्रके तर विक्रीच्या दिवशी सकाळी आवर्जून मागून घ्यावीत. छापलेल्या मजकुराच्या विरुद्ध जाणारी गोष्ट त्या चिठोऱ्यावर लिहिलेली असू शकते, आणि कायद्याने ग्राह्य धरला जातो तो चिठोरा.

प्रश्न : पाहणीच्या दिवशी गाडी चालवून पाहू देत नाहीत. अर्ध्या तासात उभ्या गाडीचे काय पाहावे?

उत्तर : शक्य असेल तर त्या मॉडेलची माहिती असलेला मेकॅनिक पैसे देऊन सोबत न्यावा. ते शक्य नसेल, तर आधी गाडीच्या खाली पाहावे आणि रंगाकडे सर्वांत शेवटी. चकाकीला आपण सगळेच भुलतो. चेसिसच्या लांब पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, डिकीतील स्टेपनीचा खळगा आणि दारांच्या खालच्या कडा येथे गंज आणि नव्याने मारलेले काळे डांबरी आवरण शोधावे. ताजे काळे आवरण मला गंजापेक्षा जास्त खटकते, कारण गंज किमान स्वतःला लपवत नाही.

रंगाची जाडी मोजणारे लहान यंत्र सोबत असावे. पोलादी पत्र्यावर आकडा हजार मायक्रॉनच्या वर गेला, तर खाली बहुधा पुट्टी भरलेली असते. मात्र फायबरग्लासच्या बॉडीवर हे यंत्र चालत नाही, आणि अॅल्युमिनियमसाठी त्याला साजेसे यंत्र लागते. धातू ओळखायला साधा लोहचुंबकही पुरतो, आणि कधी कधी तो यंत्रापेक्षा जास्त बोलतो. वर उघडणाऱ्या दारांच्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलची (१९५४ ते १९५७ या काळात अशा १,४०० मोटारी तयार झाल्या) बॉडी मुख्यतः पोलादाची होती, पण बॉनेट, दारे आणि डिकीचे झाकण अॅल्युमिनियमचे होते. अशा गाडीच्या बॉनेटला लोहचुंबक चिकटला, तर ते बॉनेट केव्हातरी बदलले गेले आहे. याच गाडीच्या पोटाखाली हवेच्या प्रवाहासाठी पत्रे लावलेले असत. दुरुस्तीच्या सोयीसाठी ते काढून टाकले जात आणि हरवत, म्हणून जाणकार माणूस ते आहेत की नाहीत हे खाली वाकून पाहतो.

टायरच्या कडेवर २००० सालापासून चार आकडी तारीख असते : पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायरवर भरपूर नक्षी शिल्लक आहे आणि तारीख पंधरा वर्षांपूर्वीची आहे, तर गाडी चाललेली नाही. न चाललेली गाडी ही जपलेली गाडी असतेच असे नाही. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते आणि सिलिंडर आतून गंजतात, रबराची सीले सुकतात, टाकीत पेट्रोलचा चिकट थर बसतो. संग्रहालयांतून आणि मोठ्या खासगी संग्रहांतून येणाऱ्या गाड्यांविषयी ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो. इंजिन सुरू करून दाखवणार असतील, तर आधी हात लावून ते थंड आहे याची खात्री करावी, कारण तापलेले इंजिन आपल्या खोडी दाखवत नाही.

गोदामात धूळ खात पडलेल्या गाड्यांविषयी एक शब्द. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला बायों संग्रहातील ५९ गाड्या विकल्या गेल्या. अनेक वर्षे शेडमध्ये पडून त्यांतील कित्येकांचे नुसते सांगाडे उरले होते, तरीही बोली अंदाजाच्या कितीतरी पुढे गेल्या. त्यांतील मासिकांच्या गठ्ठ्याखाली सापडलेली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर १ कोटी ६० लाख युरोंच्या वर गेली. ती दुर्मीळच होती आणि तिचे तिला मोल आहे. पण तिच्यामागून विकल्या गेलेल्या साध्या गाड्यांनाही धुळीतून सापडल्याच्या त्याच कहाणीचा भाव मिळाला, आणि कहाणी एकदाच विकता येते. गाडी धुऊन, सुटी करून, पुन्हा उभी केली की ती इतर गाड्यांसारखीच एक गाडी होते, आणि खर्च मात्र दुप्पट झालेला असतो.

प्रश्न : बोली चढत असताना समोर खरोखर कोणी बोली लावतो आहे की नाही, याची मला शंका आली. यात फसवणूक असते का?

उत्तर : गाडीला राखीव रक्कम, म्हणजे ज्याखाली ती विकायची नाही असा गुप्त आकडा असेल, तर त्या आकड्याच्या खालपर्यंत लिलावकर्ता विक्रेत्याच्या वतीने बोली पुकारू शकतो, असे बहुतेक लिलावगृहांच्या अटींत लिहिलेलेच असते. तो भिंतीकडे किंवा छताकडे पाहून आकडे वाढवतो, आणि तुमच्याविरुद्ध कोणीच नसताना तुम्ही चढत जाता. नियमाप्रमाणे यात फसवणूक नाही. राखीव रकमेच्या वर मात्र विक्रेत्याने किंवा त्याच्या माणसाने बोली लावणे ही सरळ फसवणूक आहे. ‘राखीव रकमेविना’ अशी खूण असलेल्या गाडीवर विक्रेत्याची बोली मुळीच चालत नाही. दोन्हींतला फरक सभागृहात बसून ओळखता येईलच असे नाही. म्हणूनच खिशातला तो कागद हवा.

ऐकण्याच्या चुकाही होतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे १९३९ ची पोर्शे टाइप ६४ लिलावाला आली, तेव्हा लिलावकर्त्याच्या तोंडचे ‘थर्टीन’ पडद्यावर ‘थर्टी’ म्हणून उमटले, म्हणजे १ कोटी ३० लाख डॉलरऐवजी ३ कोटी. आकडा ७ कोटींपर्यंत चढल्यावर तो १ कोटी ७० लाख असल्याचा खुलासा झाला, सभागृहात आरडाओरडा झाला आणि गाडी विकली गेली नाही. आकडा नीट ऐकू आला नाही, तर हात खाली ठेवून मोठ्याने विचारावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

ऑनलाइन लिलावांत शेवटच्या क्षणी बोली आली की मुदत काही मिनिटांनी वाढते, त्यामुळे अखेरच्या सेकंदाला बोली टाकून जिंकण्याची युक्ती तेथे उपयोगाची नाही. तेथील खरा उपयोग छायाचित्रांखालील प्रश्नोत्तरांचा असतो. गाडीचा जुना मालक किंवा जुना मेकॅनिक त्यांत लिहून जातो, आणि विक्रेता ज्या प्रश्नाला उत्तर देत नाही, त्या प्रश्नाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे.

प्रश्न : दुसऱ्या देशातील लिलावात गाडी घ्यावी का?

उत्तर : आपल्या देशात ती आणता येते का, कोणत्या करावर आणि कोणत्या वयाची, हे लेखी कळल्याशिवाय नाव नोंदवू नये. नियमांत देशोदेशी मोठा फरक आहे. अमेरिकेच्या सुरक्षा मानकांसाठी न बनवलेली गाडी २५ वर्षे पूर्ण झाल्यावरच तेथे सुलभपणे नेता येते, तर ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या व्याख्येत किमान ३० वर्षांची अट आहे. कॅटलॉगमध्ये गाडीच्या क्रमांकाशेजारी बारीक चिन्ह असेल, तर त्याचा खुलासा शेवटच्या पानावर पाहावा. ती गाडी तात्पुरत्या आयात परवान्यावर आलेली असू शकते, आणि तो आयात कर खरेदीदारालाच भरावा लागतो.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांची मोटार आम्ही भावंडे विकू इच्छितो. वडील तिच्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद एका वहीत ठेवत. लिलावगृहाचा प्रतिनिधी अंदाजित किंमत कमी ठेवा आणि राखीव रक्कम नको, असा आग्रह धरतो आहे. त्याचे ऐकावे का?

उत्तर : तुमच्या वडिलांनी ती वही ठेवली, याबद्दल त्यांचे ऋण माना, तिच्याकडे शेवटी येतो.

प्रतिनिधीच्या सल्ल्यात तथ्य आहे, पण त्यात त्याचाही स्वार्थ आहे. कमी अंदाज पाहून जास्त बोलीदार येतात आणि चुरस होते, हे खरे. पण गाडी विकली गेली तरच लिलावगृहाला दोन्ही बाजूंचे पैसे मिळतात, त्यामुळे ती कितीला विकली जाते यापेक्षा विकली जाते की नाही, यात त्याला अधिक रस असतो. दुर्मीळ, सर्वांना हव्याशा आणि निर्विवाद कागदपत्रांच्या गाडीला राखीव रक्कम नसली तरी चालते. तुमची गाडी त्या वर्गातील नसेल आणि त्या दिवशी पाऊस पडला, किंवा तिचा क्रमांक संध्याकाळी सातला, अर्धे सभागृह रिकामे झाल्यावर आला, तर दोन बोलीदारांत गाडी जाईल आणि तुम्हाला काहीही बोलता येणार नाही. विक्रीचा दिवस, वेळ आणि क्रम यांविषयी करार करण्याआधीच विचारावे. हा मुद्दा विक्रेते सर्रास विसरतात.

उलट बाजूही आहे. भावंडांच्या भावनेपोटी राखीव रक्कम फार वर ठेवली आणि गाडी न विकता परत गेली, तर तो निकाल जाहीर होतो. पुढच्या वेळी प्रत्येक खरेदीदार ‘अमुक रकमेला कोणी घेतली नाही’ येथूनच बोलणी सुरू करतो. म्हणून राखीव रक्कम अंदाजित किमतीच्या खालच्या टोकाला किंवा थोडी खाली ठेवावी आणि ती कोणाच्या संमतीने, किती मर्यादेपर्यंत कमी करता येईल, हे करारात लिहून घ्यावे. लिलावाच्या दिवशी दूरध्वनीवर ‘आता सोडता का?’ असे विचारले जाते, तेव्हा भावंडांचे एकमत व्हायला दोन मिनिटेही मिळत नाहीत. तो अधिकार आधीच एकाकडे सोपवावा.

करारातील आणखी काही कलमे सही करण्यापूर्वी वाचा : विक्रेत्याचे कमिशन, छायाचित्र आणि कॅटलॉगचे शुल्क, ने-आण व विमा कोणाकडे, गाडी मागे घेतल्यास दंड किती, आणि खरेदीदाराने पैसे भरलेच नाहीत तर काय. विक्रीनंतर पैसे हाती यायला काही आठवडे लागतात. त्या काळात ते लिलावगृहाच्या स्वतःच्या खात्यात असतात की विक्रेत्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या खात्यात, हे अवश्य विचारावे. लिलावगृह बुडाले, तर या एका प्रश्नाच्या उत्तरावर सारे अवलंबून असते.

गाडी तुमच्या नावावर वारसाहक्काने रीतसर झालेली आहे ना? सर्व वारसांच्या सह्या आहेत ना? मालकीचा दोष विक्रीनंतर उघडकीस आला, तर तो विक्रेत्याच्या अंगावर येतो. जून २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये १९५४ ची एक फेरारी ३७५ प्लस १ कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. अनेक वर्षांपूर्वी अमेरिकेतून चोरीला गेल्याचा आरोप असलेल्या त्या गाडीच्या मालकीवरून विक्रीनंतर न्यायालयात दावे उभे राहिले. हातोडा पडून व्यवहार संपला, असे ज्यांना वाटले होते, त्यांची खरी दगदग त्यानंतर सुरू झाली. तुमचे प्रकरण साधे आहे, ते कागदावरही साधेच राहू द्या.

आता वही. गाडीत जे दोष तुम्हाला ठाऊक आहेत, ते वर्णनात स्वतःहून लिहून द्या. इंजिन बदलले असेल, अपघात झाला असेल, मीटर बंद पडले असेल, तर वहीत ते असणारच, आणि वही दाखवून दोष लपवता येत नाहीत. त्यामुळे बोली कमी होईल, ही भीती मला अनाठायी वाटते. मॅक्वीनच्या त्या मस्टँगवर ओरखडे होते, गंज होता, रंग उडालेला होता. एकाच कुटुंबाने ती १९७४ मध्ये ६,००० डॉलरला घेऊन सांभाळली होती आणि तिचे कागद सलग होते, म्हणून खरेदीदारांनी त्या ओरखड्यांचेही पैसे मोजले. वहीच्या प्रत्येक पानाची स्वच्छ छायाचित्रे काढून ती लिलावगृहाला द्या आणि चेसिस क्रमांक असलेले पान कॅटलॉगमध्ये छापण्याचा आग्रह धरा. मूळ वही मात्र गाडीच्या कप्प्यात ठेवून पाठवू नका. पाहणीच्या दिवशी दहा हात त्यात जातात. ती स्वतःजवळ ठेवा आणि पैसे जमा झाल्यावर नव्या मालकाच्या हाती स्वतः द्या. त्याला पहिला प्रश्न पडेल तो बहुधा क्लच कधी बदलला हा, आणि त्याचे उत्तर वडिलांच्या अक्षरात असेल.